रिकाम्या गाडीचं वजन

सुरुवात मोंढ्यातले भाव लिहिण्यापासून.
तूर, करडई, आवक, किमान, कमाल.
एकोणीस वर्षं माझं छापील नाव
'आमच्या प्रतिनिधीकडून'.
संपादक म्हणायचे, टाकळकरबाई,
व्यापारपान म्हणजे ताटातलं मीठ,
कुणी वाखाणत नाही.

वाचायला शिकवलं हबीबचाचांनी,
जालन्यात, औरंगाबाद रोडच्या वजनकाट्यावर.
"आधी रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, बेटा.
भरलेली तर कुणीबी दाखवतंय."
मी ते डायरीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं
आणि विसरले.

मग ती कंपनी.
म्हणजे होतीच, एमआयडीसीत,
दोन भट्ट्या, एक रोलिंग मिल,
गेटवर गणपती, आत मालकाच्या वडिलांचा अर्धपुतळा.
अहवाल गुळगुळीत कागदाचा, उलाढाल तिप्पट.
एवढं लोखंड वितळलं म्हणे वर्षात
आणि विजेचं बिल मागच्यापेक्षा कमी.
लोखंड काय शिव्यांनी वितळतं?

शेवटच्या पानांत बारीक अक्षरात टीप सत्तावीस:
संबंधित पक्षांशी व्यवहार.
पाच कंपन्या, पाच नावं, पत्ता एकच,
पाणीवेशीजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर.
गेले.
गिरणी होती. वर गच्ची होती.
गच्चीवर पापड वाळत होते.

पावत्या कुणी दिल्या ते आजही सांगणार नाही.
स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवलेली,
वर मेथीची जुडी, खाली अकरा कागद.
एकाच भंगाराचे.
पहिल्यानं दुसऱ्याला विकलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला,
पाचव्यानं परत पहिल्याला,
दर खेपेला भाव चढता.
वजन मात्र तेच, किलोचाही फरक नाही,
आणि रिकाम्या गाडीचा रकाना कोरा.

कुंपणाच्या भोकातून पाहिलं.
ढीग जागच्या जागी.
गंजके पत्रे, मोडका कुळव, जीपचं दार,
आणि कडेच्या खडीत, खळग्यात, चार अंडी.
टिटवी डोक्यावरून ओरडत फिरली
जणू बारावी गिऱ्हाईक मीच.
ती उबवत बसली ते अठ्ठावीस दिवस,
तेवढ्यात भंगार चारदा विकलं गेलं.
फोटो काढता काढता सुग्रीव म्हणाला,
"बाई, साक्षीदार पक्की हाय. नाव छापू नका हिचं."

बातमी तिसऱ्या पानावर आली.
पहिल्या पानावर त्याच कंपनीच्या शुभेच्छा, चार रंगांत.
नाव पहिल्यांदा छापलं: अनसूया टाकळकर.
आईनं कात्रण कापलं नाही,
उठून दाराला आतून कडी घातली.

नोटीस आली अब्रूनुकसानीची.
रकमेतली शून्यं मोजायला नवऱ्याला बोलावलं,
त्याची एक जास्त आली.
नऊ वर्षं तारखा.
मधल्या काळात बँकेनं कर्ज बुडीत लिहिलं,
मालक दुसऱ्या शहरात सिमेंट विकू लागला,
भट्ट्या विझल्या, चारशे माणसं घरी.

त्यातल्या एकाची बायको बसस्टँडवर भेटली.
"तुमीच का त्या?"
हो म्हटलं.
"लिवलंत ते खरंच व्हतं," ती म्हणाली,
"पण आदी आमाला इचारलं आस्तं तर..."
गेवराईची गाडी लागली.
ती पिशव्या उचलून चढली,
मी फलाटावर उभी,
हातात पेन नव्हतं, असतं तरी काय.

आता ऑफिसात नवी पोरगी आलीय, मीनल खंदारे.
विचारते, अहवाल कुठून वाचायचा?
शेवटून, म्हणते मी. आणि विजेचं बिल माग.

काल तिला काट्यावर नेलं.
हबीबचाचा नाहीत, काटा डिजिटल झालाय,
लाल आकडे, मुलगा खुर्चीत मोबाइल बघतो.
मी सहज चढले त्या लोखंडी पाट्यावर,
पर्ससकट.
साठ, तो म्हणाला,
धाकलं वजन धरत नाही हो हा,
धा-ईस किलो इकडं-तिकडं चालतंय.
पावती काढू?

काढ, म्हटलं.
रकाना कोरा सोडू नको.