एका खंडात

गावाचं नाव बरका.
आई फोनवर विचारते, कुठं असतोस रे?
बरका.
अरे बरं का काय, नाव सांग गावाचं.

तर बरक्यात,
पाळक अनुग्रह चांदेकर कायमचे परत निघाले तेव्हा
बॅग काट्यावर दोन किलोंनी जास्त भरली.
त्यांनी खजूर काढले नाहीत, नातवाची सायकलची घंटा काढली नाही,
ईश्वरविज्ञान काढलं.
"पद्धतशीर आहे," म्हणाले, "आणि एकाच खंडात.
घाई करू नका."

सातशे चाळीस पानं, कापडी बांधणी.
मी ते गाडीत पुढच्या काचेशी ठेवलं
ऑगस्ट महिन्यात, दिवसपाळीला.
आत प्लांटमध्ये आम्ही समुद्रातून मीठ काढत होतो,
बाहेर उन्हानं पुस्तकातला डिंक काढला.
सहा वाजता उचललं
तर पाप हातात आलं
आणि कृपा सीटखाली घसरली.

खोलीत पाच जण. शुक्रवारी रुवीच्या आवारात
तमिळ मंडळी उठली की आमचा तास,
तिथून येताना सेलोटेप आणायचं ठरलं.
आणला नाही कुणी.
सिलास म्हस्के मेसमध्ये स्वयंपाकी, तो म्हणाला,
पाव तरी अख्खा कोण वाढतं?
आणि 'मंडळी' घेऊन गेला, पीठ लागलेल्या हातानं.
लबान ओहोळनं देहधारण घेतलं, वेल्डरला साजेसं
म्हणून नव्हे, पातळ होतं म्हणून.
बर्नबासनं शेवटचं प्रकरण मागितलं.
कादंबरीचंही तो शेवटचं पान आधी वाचायचा.
माझ्याकडे पहिले अडीचशे. आणि सूची.

रात्रपाळीला त्रैक्य वाचलं.
पंप तीन, पाइपात दाब एक.
समासात लिहून ठेवलं, पेन्सिलीनं, खूश होऊन.
पान उलटलं तर लेखक म्हणतो
अशी उदाहरणं देऊ नयेत,
हरेक दृष्टान्त कुठल्यातरी जुन्या पाखंडाच्या दारात
नेऊन सोडतो.
खोडलं.
तीन नंबरचा पंप तेवढ्यात बंद पडला.
दाब पडला नाही. ते मी लिहिलं नाही.

नोव्हेंबरात बर्नबासचं कंत्राट संपलं.
मुलीसाठी अत्तराची बाटली घेतलेली,
फुटू नये म्हणून भोवती
अंतकाळाच्या गोष्टी गुंडाळल्या,
आणि जालन्याला पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं.
आता तिथं न्यायाच्या दिवसाला ऊदाचा वास येतो, म्हणाला.
पोस्टानं पाठव म्हटलं. फोटो पाठवतो म्हणाला.
फोटो आडवा आला, पान सहाशे एकोणनव्वद,
कोपऱ्यात मुलीचा अंगठा.

लबाननं मोठ्यानं वाचलं.
लेखक सांगतो, सगळं नवं होईल तेव्हा
समुद्र उरणार नाही.
मोबाइल खाली ठेवून लबान म्हणाला,
मग आपल्या प्लांटचं काय?
हसलो सगळे. मग हसायचं थांबलो,
कारण सिलासचं अजून कर्ज आहे भावाच्या घरावर
आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं.
का उरणार नाही, ते पुढच्या ओळीत होतं.
पुढच्या ओळीवर अंगठा.
मेहंदी ओसरत आलेला, नखाशी शाई.

मी सूची उघडली.
कृपा : पाहा तारण.
तारण : पाहा कृपा.
मीठ नाही. मजुरी नाही. उष्णता नाही.
समुद्र : ११८, ६८९.
एकशे अठरा माझ्याजवळ आहे, तिथं पाणी पाण्यापासून
वेगळं होतंय, अजून कोणी पाहायला नाही.
सहाशे एकोणनव्वद जालन्यात.
मधल्या पाचशे एकाहत्तर पानांत
सूचीप्रमाणे समुद्र कुठंच नाही.

साडेपाचला बस आली.
खिडकीतून तो दिसत होता डाव्या हाताला,
राखाडी, शेवाळ लागलेल्या जाळीपर्यंत आलेला.
आईचा फोन. पोचलास का?
म्हटलं, बरका.