ब्रेकमधली हवा

फोंडा घाट चढून टेम्पोतनं आली ती,
दोन दारं, दोन सीटा, अंगानं फायबरची,
कधीकाळी लाल. आता
भिजवून पिळलेल्या कोकमासारखी.
उत्तरेश्वर पेठेतली पोरं गोळा झाली.
‘बाई, डिकीत गॅसचा सिलेंडर तरी बसतोय का हिच्या?’

मी आठवीला विज्ञान शिकवतो.
(आमच्यात बायका असंच बोलतात, शिकवतो, जातो, येतो;
पुण्याच्या नणंदेला अजून हसू येतं.)
तेवीस वर्षं फळ्यावर व्हर्नियर काढला,
खडूनं, बऱ्यापैकी सुबक.
हातात धरला तो उद्यमनगरात,
दस्तगीरच्या लेथपाशी, तेलकट, गार.
कंपनी कधीच बंद पडलीय, पार्ट मिळत नाही, म्हणालो.
तो म्हणाला, ‘पार्ट मागू नकासा. माप आणा.’

मग मापं आणत राहिलो.
माझी शून्यांक त्रुटी भलतीच निघाली:
पहिला बुश ढिला,
दुसरा इतका घट्ट की हातोडीखाली चिरला.
तिसऱ्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
‘शाळेत सांगू नकासा,’ एवढंच बोलला.

बोल्ट सुटतो डावीकडं, हे ठाऊक होतं.
पण गाडीखाली उताणं पडल्यावर
डावं कुठलं, हे कोण सांगणार?
चौदाचा पाना घसरला, अंगठ्याचं नख काळं.
सकाळी प्रार्थनेला हात जोडले तर
अख्खी आठवी ब माझ्या नखाकडं बघत उभी.

सुटलेलं सगळं दह्याच्या रिकाम्या डब्यांत,
वर चिकटपट्टी, पट्टीवर माझं फळ्यावरचं अक्षर:
‘पुढचं डावं चाक.’
‘चालकाचं दार.’
‘काय आहे माहीत नाही.’
हा डबा सगळ्यात आधी भरला.

सीटखाली मूठभर वाळू निघाली
आणि लहान पोराची एक रबरी चप्पल. एकाच पायाची.
वाळू झाडली.
चपलेच्या डब्यावर काय लिहावं सुचेना.

शेवटी अडलो ब्रेकपाशी.
नवं तेल भरलं, पेडल दाबलं,
तर चिखलात पाय जावा तसा गेला, खालपर्यंत.
पास्कल मला तोंडपाठ:
बंदिस्त द्रवावरचा दाब सगळ्या दिशांना सारखा पोचतो.
नळीत हवा असली की ती अंग चोरते,
दाब आपल्यातच जिरवते.
ती काढायला दोन माणसं लागतात,
एक पेडलवर, एक चाकापाशी.
हे आमच्या पुस्तकात नाही.

भिंतीपलीकडं इंगवले. एसटीतनं रिटायर.
गटाराच्या पाइपावरनं सहा वर्षं बोलणं बंद.
पेट्रोलच्या वासाची तक्रार घेऊन बनियनवरच आले,
माझ्याकडं नाही, पेडलकडं बघितलं,
चपला काढल्या
आणि आत बसले.

‘दाबा.’
‘दाबलं.’
‘धरा.’
‘धरलंय.’
निपल अर्धा फेरा. बाटलीत बुडबुडे.
‘सोडा.’
‘सोडलं.’

चारी चाकं झाली तेव्हा दिवे लागले होते.
मग इंगवले सावकाश म्हणाले,
‘लांबचं मागचं चाक पहिलं घ्यायचं असतंय.’
‘मग आधी का नाही बोलला?’
‘तुम्ही कुठं इचारलं?’
पुन्हा पहिल्यापासून. दाबा. धरलंय. सोडा.
गटाराचं कुणी काढलं नाही.

रविवारी पहाटे गाडी बाहेर काढली.
रंग नाही, बॉनेट तारेनं बांधलेलं,
शेजारच्या सीटवर इंगवले, टोपी सांभाळत.
गंगावेशीकडं वळलो तर पुढं म्हशी,
दूध कट्ट्याला निघालेल्या, रस्ताभर, सवडीनं.
ब्रेक दाबला.
पाय मधेच थांबला. टणक.
‘हां,’ इंगवले म्हणाले,
डेपोत गाडी लावल्यासारखं.

पेपरवाल्याची सायकल आम्हाला ओलांडून गेली.
एका म्हशीनं बॉनेटवर शेपटी आपटली.
‘हॉर्न देऊ?’
‘नको. बिथरतील. चालू द्या मागनं.’

पहिल्या गिअरात,
शेणाचे ताजे पो चुकवत,
चाललो.