मागचं बाकडं

कळंबोलीच्या शोरूममध्ये टेबलावर काच,
काचेखाली कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं,
काचेवर आमचा फॉर्म.
कौस्तुभ पेनाचं टोपण काढतो, म्हणतो,
"काका, एक्सल कुठला?"
चहात साखर किती, असं विचारावं तसं.

बाबा लगेच बोलत नाहीत.
उजव्या हाताची उरलेली तीन बोटं
कागदावर फिरवून बघतात,
कापड घेताना बघतात तशी.

मीच सांगते. दहा चाकं, मागचे दोन्ही एक्सल ओढणारे,
आणि रेशो जड द्या.
गायमुखाच्या चढावर भरलेला कंटेनर मागे बांधून
पहिल्या गिअरमध्ये सरकायचंय आम्हाला,
कुणाला ओव्हरटेक नाही करायचं.
कौस्तुभ माझ्याकडे बघतो, मग बाबांकडे,
मग लिहितो.

"विंच एक की दोन?"
"दोन," बाबा म्हणतात. त्यांचा पहिला शब्द.
एका विंचवर सगळा भरवसा ठेवला होता त्यांनी
तळोज्याच्या नाल्यात, पत्र्याच्या कॉइलचा ट्रेलर काढताना.
वायर तुटली तेव्हा फटाका फुटल्यासारखं झालं, असं गजू सांगतो.
बाबांना आवाज आठवत नाही.
जयदास बॅटरी मारून चिखलात बोटं शोधत होता
आणि बॅटरीचा उजेड नुसता हलत होता,
तेवढं आठवतं.

"आनि वायर नको रं. तो नवीन दोर दे, प्लास्टिकवानी दिसतो तो.
तुटला तर पडतो खाली, बिचारा."

बिचारा कुठल्या रकान्यात लिहायचं,
कौस्तुभला कळत नाही.

एक्झॉस्ट ब्रेक, हो.
पिवळे दिवे, आहेत तेवढे सगळे.
बूम पंचवीस टनांचा. मी वीस म्हणत होते.
मोबाइलवर हप्ता मोजते आहे मघापासून,
प्रत्येक "हो"ला आकडा वर सरकतो,
साठ महिने, साठ महिने, साठ महिने.

मग केबिन.
"टोइंगला सगळे साधीच घेतात," कौस्तुभ म्हणतो,
"डबल केबिनचे अडीच लाख वर जातात."
मी मान डोलावते. पुढे तीन माणसं बसतात,
बाबा, गजू आणि मी. झालं.

"आनि ज्याची गाडी, तो?"

तो. हो, तो असतोच.
आमच्या जुन्या गाडीत त्याला जागा नव्हती कधी.
तो आपल्याच मेलेल्या गाडीत बसायचा,
काही न वळवणारं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून.
मी बारा वर्षांची होते, गिअरबॉक्सच्या गरम उंचवट्यावर बसलेली,
आरशात तो दिसायचा, वर उचललेला,
तोंड आभाळाकडे.
एकदा करंजा बंदराला निघालेला बर्फाचा टेम्पो.
उरण फाट्यापर्यंत मागे पाण्याची रेघ,
आणि पोरगा एकटाच काचेमागे,
ओठ हलत होते त्याचे.
कुणाशी बोलत होता, आम्ही विचारलं नाही.
आमचं इंजिनच एवढं मोठ्याने बोलायचं.

"डबल लिही," बाबा म्हणतात.
"आनि मागच्या बाकड्याला रेक्झिन. धुता आला पायजे.
घाबरलेली मानसं उलट्या करतात."

मी हप्त्याचा आकडा न बघता मोबाइल पालथा ठेवते.
मग परत उचलते, बघते.
आकडा वाईटच आहे.

"आता रंग," कौस्तुभ म्हणतो, आणि बाबांचा फोन वाजतो.
शिळफाट्याच्या अलीकडे, सिमेंटचा बल्कर, क्लच गेला.
बाबा उठतात, फोन कानाला, दुसऱ्या हाताने चाव्या चाचपत.
"गाडीत नको बसू. कठड्याच्या पल्याड जा.
गेलास? बरं.
पानी हाय का जवळ?"

काचेवर फॉर्म राहतो,
रंगाचा रकाना तसाच.
कौस्तुभ माझ्याकडे बघतो.
"उद्या," मी म्हणते,
आणि धावते, कारण बाबा कुणासाठी थांबत नाहीत,
आणि आज गजू सुट्टीवर आहे.