पुढचं डावं

माझं चाक पुढचं डावं.
चार वर्षं याच नावानं हाक मारायचे मला:
पुढचं डावं, हात वर कर.
पुढचं डावं, जेवलास का?
हरेश्वर मढवी फक्त पगाराच्या पावतीवर.

रबाळ्याला, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे आधी बिस्किटांचे पुडे बांधायचे
आणि दमट दिवसांत भिंतीला अजून व्हॅनिलाचा वास सुटतो,
तिथे आम्ही रोज साठ वेळा एकच गाडी थांबवायचो.
गाडी कसली, बिनइंजिनाचा सांगाडा,
मागून दोघं ढकलत आणायचे.
वृंदा मॅडम घड्याळ दाबायच्या.
तीन पूर्णांक सहा. पुन्हा.
तीन पूर्णांक एक. पुन्हा.

तीन सेकंदांत होतं तरी काय रं, आई विचारायची.
एक शिंक.
कुकरची अर्धी शिट्टी.
चार चाकं, आई.

शेवटची शर्यत दक्षिणेत होती, बाविसावी फेरी.
निहार खुणेवर थांबला, वीतभर इकडे नाही तिकडे नाही.
जुनं चाक निघालं, नवं बसलं,
गन लावली
आणि नट आडवा चढला.
हे कानाला ऐकू येत नाही, मनगटाला येतं.
आट्यात आटा शिरताना एक गुळगुळीत होकार असतो,
तो आला नाही.
पण हात माझा, रोज साठ वेळा शिकवलेला,
सवयीनं वर गेला होता.

गाडी हातभर पुढे सरकली. ओरडा झाला. परत जॅक, परत गन.
आटापिटा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं:
आधी आटा, मग नुसतं पिटणं.
अकरा पूर्णांक सात.
निहार सातवा आला आणि चषक
दोन गुणांनी गेला.

टीव्हीवर माझा हात किती वेळा वर गेला,
संथ गतीनं, जणू मी कुणाला निरोप देतोय.
घणसोलीच्या नाक्यावर पोरं अजून हात वर करतात.

चुकलोच. त्याला दुसरं नाव नाही.
पण रात्री मला जुलै आठवतो,
मोसमातली दुसरी शर्यत.
मुंब्र्याचा इम्तियाज जॅकवर, माझ्यापासून दीड हात.
त्याचा हुक एकदा निसटला, दुसऱ्यांदा लागला.
नऊ दशांश सेकंद, कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं.
निहार निळ्या गाडीच्या मागे निघाला, नाकाएवढा मागे,
आणि शेवटपर्यंत मागेच राहिला.
तिसरा.
दुसऱ्याला तीन गुण जास्त होते.

हा हिशोब चौथीतलं पोर करील.
कुणी केला नाही,
कारण त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा मंचावर बोलावलं होतं,
सेल्वम सर रडले होते,
इम्तियाजच्या केसांतून फेस गळत होता.
हसता हसता त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी बघितलंय का, ते बघायला.

आता महाप्याला माझं टायरचं दुकान आहे.
ट्रेलरचं चाक बदलायला अर्धा तास लागतो,
ड्रायव्हर तोवर बाजेवर झोप काढतो,
घड्याळ कुणी दाबत नाही.
शुक्रवारी इम्तियाज येतो. बोलावलेलं नसतं.
बाही वर करतो, जॅक आत सरकवतो.

परवा एक्सलखालून म्हणाला, जुलैत ना...
मी कॉम्प्रेसर चालू केला.
दुकान थरथरायला लागलं, डब्यातले वॉशर नाचायला लागले.
पण हवा भरली की तो आपोआप बंद पडतो,
ते विसरलो होतो.

शांतता झाली.
तो तिथेच उकिडवा बसलेला, दांडीवर हात ठेवून.
उचल, मी म्हटलं.
त्यानं उचललं.
मी नट घेतला, बोटांनीच,
पहिले चार आटे
हातानं फिरवले,
मग पाना लावला.