बोटांवर भाडं

बॉयलरशेजारच्या खोलीत, जिथे पूर्वी हॉकीच्या काठ्या ठेवत,
तिथे आमचे तीन सर्व्हर.
दोन चालतात. तिसरा
त्या दोघांना सुटे भाग पुरवतो.

त्यांच्या पोटात एकोणीस यंत्रं राहतात, खरी नसलेली:
हजेरीचं, जेवणाच्या खात्यांचं, ग्रंथालयाचं,
आणि एक, ज्याचं नाव नुसतं ‘हात लावू नको’.
ते रेनो कांगासनं मागे ठेवलेलं.
रेनो निवृत्त झाला, अ‍ॅरिझोनाच्या उन्हात गेला,
फोन उचलत नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं, नवी आवृत्ती घ्या,
जुनीला यापुढे ठिगळ मिळणार नाही.
नवीला आमचे सर्व्हर चालत नाहीत.
म्हातारे आहेत म्हणे. नऊ वर्षांचे,
आमच्या चौथीतल्या पोरांएवढे.

दरही आता यंत्रामागे नाही, कोअरमागे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य;
पण अंथरूणच भाड्याचं,
आणि भाडं पायाच्या बोटांवर मोजलेलं.
आमच्या एकेका पायाला सोळा बोटं.

मंडळाच्या बैठकीत बर्निस ट्रेंबाथ चष्मा कपाळावर सारून विचारते,
तुला हवंय ते दिसतं कसं?
दिसत नाही.
नाही घेतलं तर काय होईल?
बहुधा काहीच नाही. मग एके दिवशी सगळंच.
तिच्यापुढे छताची तीन कोटेशनं.
व्यायामशाळेत मांडलेल्या बादल्या सगळ्यांना दिसतात.
खरं सांगतो, मीही छतासाठीच हात वर केला असता.

म्हणून फेब्रुवारीच्या सुट्टीत, फुकटातली एक प्रणाली घेऊन
एकेक बिऱ्हाड हलवत बसलो.
बाहेर सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा, उणे बावीस,
आत पंख्यांची घरघर, डब्यात गार पास्टी.
त्र्याण्णव टक्क्यांवर तासभर अडकलेली पट्टी
माणसाला काय काय करायला लावते!
मी टेबलाच्या लाकडावर तीनदा टकटक केलं.
मग कळलं, लाकूड नाही, प्लॅस्टिक आहे.

मेमरी पुरेना.
तेव्हा हात लावला.

सोमवारी सात पन्नासला घंटा झाली नाही.
पोरं कॉरिडॉरमध्ये, बुटांखाली वितळलेल्या बर्फाची थारोळी,
वर्गात जायचं की नाही कुणालाच ठरवता येईना,
शिक्षकांनाही.
मी जिन्यावरून तळघराकडे धावतोय, तोच वरून टण टण टण:
ऑफिसातली आयली साल्मी
तांब्याच्या खाणीच्या दिवसांतली पितळी घंटा
काचेच्या कपाटातून काढून
दोन्ही हातांनी हलवत होती. हसत होती बहुतेक.

यंत्र पुन्हा चालू केलं.
नाव बदलायला गेलो, ‘घंटा’ लिहिलं, खोडलं.
जुनंच ठेवलं.
रेनो, एक चिठ्ठी तरी लिहायचीस.

मार्चच्या अंदाजपत्रकात माझी ओळ पुढच्या बैठकीवर गेली.
तिच्याखालची मंजूर झाली, एकमतानं:
पितळेची पॉलिश, एक डबी, सहा डॉलर.