एक्कावन्न

पहाटे तीनला, युरोपातल्या कुठल्याशा थंड खोलीतून
एक्कावन्न वादळं उतरतात रोसेंडाच्या पडद्यावर.
खरं आहे एकच, ग्वामच्या पश्चिमेला,
मांजरीच्या पिलासारखं, अजून डोळा न उघडलेलं.

समुद्र सगळ्यांना सारखाच वाटलेला. फक्त
एकाला कणभर जास्त ऊब,
दुसऱ्याच्या वाऱ्यातून चिमूटभर काढून घेतलेला.
एवढ्यावरून ही भावंडं
पाचव्या दिवशी एकमेकांना ओळखही देत नाहीत.

रेघा पिंजारत जातात.
वडील अबाकाचं खोड चिरून सुरीखालून ओढायचे,
मग अंगणभर तारेवर धागे,
ओले, पांढरे, हाताला कापणारे.
सत्तावीस उत्तरेला वळतात, उघड्या समुद्राकडे.
चोवीस खाली, सामारच्या अंगावर.
मधे, कातान्दुआनेसवर, कुणी नाही.

पाचामुखी परमेश्वर म्हणावं, तर इथे
एक्कावन्न मुखं एकदम बोलतात
आणि तो नेमका मधल्या रिकाम्या पाण्यात.

सहाला गिगमोटोच्या नगरपालिकेतून फोन:
ती जाड काळी रेघ आमच्या चर्चवरून जाते, बाई.
ती सरासरी आहे, ती म्हणते,
तिच्यावरून एकही वादळ जात नाहीये.
म्हणजे येणार नाही?
तसं नाही म्हटलं मी.
मग नक्की काय म्हटलंत?
पलीकडे कोंबडा आरवतो, कुणीतरी कढई घासतंय.
तीन दिवसांचे तांदूळ शाळेत हलवा, ती म्हणते,
आणि संध्याकाळी पुन्हा फोन करा.

एलाडियोनं होडी कालच वर ओढून
पिलीच्या झाडाला बांधली.
त्याला कुणी टक्के सांगितले नव्हते.
होडी ओढायला सहा माणसं लागतात
आणि सहाही जण काल घरी होते, एवढंच.

दुपारी विमान वादळाच्या पोटातून
दाब मोजून येतं, असं तिकडे अमेरिकेत.
इथे उपग्रह, एक बोया,
आणि छतावरचा वारामापक, ज्याची एक वाटी
मागच्या टायफूननं नेली ती अजून आलेली नाही.

संध्याकाळचा संच येतो.
उत्तरेचे नऊ उरलेत.
बाकीचे एकमेकांना पीळ घालत
खाली, खाली,
मांडीवर वळलेल्या दोरासारखे.
गिगमोटोचा फोन येतो, ती सांगते,
पलीकडे कुणीतरी टाळी वाजवतं
आणि लगेच थांबतं.

मग ती ग्विआन केंद्राचा नंबर फिरवते.
तिथे जुवेनाल आहे, लागून दोनच महिने झालेत,
आकडे दोनदा वाचून दाखवतो.
त्याच्याही पडद्यावर हेच असणार.
तरी ती एकेक रेघ मोजून सांगते,
बेचाळीस.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, इथे आत्ता
चांगलं चांदणं पडलंय, बाई.