शॉर्टवेव्ह, व्हाया कोल्हापूर

नेमगोंडा चौगुल्याच्या घरी परदेशातून पाकिटं येत,
महिन्याला चार, कधी सहा.
अख्ख्या संकेश्वरात दुसऱ्या कुणाला नाही.
तिकिटावर ट्रॅक्टर, धरणं, अंतराळवीर,
एकदा नुसतंच एक अस्वल.
मी नवा होतो खात्यात.
सायकल खात्याची, घंटी माझी.

त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान मिरचीच्या वखारीला लागून,
तिथले सगळे रेडिओ शिंक अडल्यासारखे बोलायचे.
तिन्हीसांजेला फळी अर्धी लावून
तो काटा न्यायचा पंचवीस मीटरवर, केसाएवढा सरकवत,
आणि वहीत मांडायचा:
आवाज चार, खरखर तीन, हेलकावे दोन.
मग पत्र. त्या थंड देशाच्या सरकारला.
आणि सरकार उत्तर द्यायचं!
हे गावात कुणाला पटायचं नाही.
आमचे अर्ज बेंगळूरला कन्नडात, मुंबईला मराठीत,
दोन्हीकडं पडून.

सव्वासातला मराठी. पावणेआठला कन्नड.
तोच गहू, तेवढाच पिकलेला,
तेच मंत्री त्याच विमानतळावर उतरलेले.
मराठीचा निवेदक "आपण ऐकत आहात" इतकं धुऊन म्हणायचा
की आमच्या "काय करूलालास गा"नं तोंड लपवावं.
कन्नडची बाई धारवाडकडची असणार, पद्मव्वा म्हणायची,
हुक्केरीची असती तर एवढ्या दमानं बोलली नसती.
बाहेर स्टँडवर त्याच आठवड्यात
पाट्यांना डांबर. एका रात्री एका लिपीला,
दुसऱ्या रात्री दुसरीला.
आत, वखारीच्या भिंतीला टेकून,
दोन्ही भाषा एकच खोटं
शब्दाला शब्द लावून
न भांडता सांगत बसायच्या.

नवरा मराठीत लिहायचा, बायको कन्नडात.
मराठी विभागातला कुणी पाकिटावर घालायचा: महाराष्ट्र.
मराठी लिहितोय म्हणजे तिकडचाच, दुसरं काय.
ते पाकीट कोल्हापूर बघून,
लाल शाईची रेघ अंगावर घेऊन
आठ-नऊ दिवसांनी माझ्या पिशवीत पडायचं.
पद्मव्वाचं सरळ यायचं.
ती ते त्याच्यासमोर हलवायची: तुमचं अजून प्रवासात.
पत्ता सुधारा म्हणून त्यानं तीनदा कळवलं.
चौथ्यांदा नाही.
मी विचारलं, तर सोल्डरचा धूर फुंकत म्हणाला,
राहू दे की.
तेवढं तरी जाऊन येतंय.

एकदा पद्मव्वानं पत्रात एक वाळकी मिरची घातली.
वजन मीच केलं, तिकीट मीच चिकटवलं,
आत काय ते विचारलं नाही.
अडीच महिन्यांनी, गव्हाच्या आकड्यानंतर,
निवेदक थांबला.
"मिरची मिळाली," म्हणाला. "फार तिखट आहे."
आणि पुन्हा विमानतळावर गेला.
पावणेआठला कन्नडची बाई त्याच जागी आली
आणि नुसती हसली.
नेमगोंडानं वहीत वेळ टिपली.
दोन बातम्या पहिल्यांदाच जुळल्या नव्हत्या.

पुढं तो देशच मोडला.
कसा, ते दोन्ही बातम्यांत आलं नाही.
एका संध्याकाळी सव्वासातला फक्त समुद्रासारखं काहीतरी.
त्यानं वहीत लिहिलं: आवाज शून्य.
रोज लिहीत राहिला.

तीन आठवडे गेले, आणि पिशवीत एक पाकीट.
तिकिटावर ते राज्य, जे आता नव्हतं.
खाली: महाराष्ट्र. कोल्हापूरचा शिक्का. लाल रेघ.
आत पुढच्या हंगामाचं छापील वेळापत्रक.
मराठी, सव्वासात.

त्यानं घड्याळ बघितलं.
फळी अर्धी लावली, काटा नेला.
पडद्याआडून पद्मव्वानं विचारलं, बंतेनरी?
आलं का हो, म्हणजे.
"अजून नाही," तो म्हणाला, मराठीत.

मी सायकल भिंतीला लावली.